ब्लॉक करण्याआधी हे वाचा : ऑनलाइन त्रास, महिला आणि कायदा

रानजाई

मी फौजदारी वकिली करते. ऑनलाइन त्रासाची तक्रार घेऊन येणारी बाई बहुतेक वेळा सगळं पुसून आलेली असते. चॅट डिलीट, तो माणूस ब्लॉक, कधीकधी स्वतःचं अकाउंटही बंद. का पुसलं ते मला पूर्ण समजतं. तो मजकूर फोनमध्ये आहे या विचारानेच झोप उडते, आणि फोन घरच्यांच्या हाती पडला तर ही धास्ती वेगळीच. पण तक्रार लिहायला बसलं की हातात फक्त तिचं सांगणं उरतं आणि समोरचा "मी असं काही पाठवलंच नाही" म्हणून मोकळा होतो. म्हणून हा धागा.

आधी कायद्याबद्दल. "हात तर लावला नाही, मग पोलीस काय करणार" हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकांकडूनही ऐकते. २०१३ च्या दुरुस्तीने पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला आणि इंटरनेट-ईमेलवरची पाळत त्यात पहिल्यापासून आहे. तेव्हा ते भारतीय दंड संहितेचं कलम ३५४-ड होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. (त्या तारखेआधी घडलेल्या प्रकाराला जुनंच कलम लागतं, तेव्हा तारखा नीट लिहून ठेवा.) या कलमात दोन गोष्टी येतात. तिने नको म्हटल्यावरही जवळीक साधायला पुन्हापुन्हा संपर्क करत राहणं ही एक, आणि ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं ही दुसरी. पहिल्या प्रकारात तिची नापसंती स्पष्ट होती हे दिसावं लागतं. त्यामुळे माझा सल्ला असा की एकदाच, एका ओळीत लिहून टाका: "मला तुमच्याशी संपर्क ठेवायचा नाही. यापुढे मेसेज किंवा फोन करू नका." शिवी नको, कारणं नकोत, विनवणी तर नकोच. त्यानंतर त्याने पाठवलेला प्रत्येक मेसेज तुमच्या बाजूने बोलतो. पहिल्यांदा दोषी ठरला तर ३ वर्षांपर्यंत, पुन्हा केलं तर ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी, नको असताना अश्लील चित्रं-व्हिडिओ दाखवणं, शरीरसुखाची मागणी, हे सगळं कलम ७५ मध्ये येतं. स्त्रीच्या लज्जेचा अपमान करणारे शब्द कलम ७९ मध्ये. यावर एक पळवाट काढली जायची की कलमात शब्द 'उच्चारणं' आहे, मी तर लिहिले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही पळवाट बुजवली. प्रकरण जुन्या कलमाखालचं, म्हणजे ५०९ चं होतं आणि मजकूर ईमेलमधला होता. लेखी शब्दही त्यात येतात, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं.

आता पुराव्याचं. स्क्रीनशॉट आणतात तो असा असतो: वर नाव 'राज', खाली तीन घाण वाक्यं, बाकी कापलेलं. नंबर नाही, तारीख नाही, प्रोफाइलचा पत्ता नाही. 'राज' हे नाव तुमच्या फोनमध्ये तुम्हीच सेव्ह केलेलं, त्यावरून कोर्टाला काहीच कळत नाही. त्याच्या नावावर टिचकी मारून नंबर दिसेल असा एक फोटो घ्या. तारीख आणि वेळ दिसू दे. सोशल मीडियावर असेल तर प्रोफाइलची आणि त्या पोस्टची लिंक अक्षर न् अक्षर कॉपी करून ठेवा, कारण माणूस नाव बदलतो, फोटो बदलतो. आधीचे-नंतरचे मेसेजही राहू द्यात, मधलेच तेवढे काढून दाखवले तर उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा. आणि मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका.

हे झालं की मग खुशाल ब्लॉक करा.

शमी

ताई, खूप गरजेचा धागा. एका मैत्रिणीसाठी विचारते. पूर्वीच्या संबंधात तिने स्वतः काही फोटो पाठवले होते, काही त्याने तिच्या संमतीने काढले. आता तो म्हणतो, परत ये नाहीतर तुझ्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकतो. वर धमकी अशी की "तूच पाठवलेस, पोलिसांत गेलीस तर तूही अडकशील." ती यालाच सगळ्यात जास्त घाबरली आहे.

रानजाई

शमी, या उत्तरासाठी मी हा धागा काढला म्हटलं तरी चालेल.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ ला एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे. स्त्रीने फोटो काढायला संमती दिली असेल, पण तो इतरांपर्यंत पोचवायला दिली नसेल, आणि तरी कोणी पसरवला, तर तो पसरवणं हा गुन्हा. कायद्याने ही परिस्थिती आधीच डोळ्यांसमोर धरली आहे: प्रेम होतं, विश्वास होता, फोटो काढला गेला. तिथे कायदा तिला पीडित मानतो. पहिल्या वेळी १ ते ३ वर्षं, पुन्हा केल्यास ३ ते ७ वर्षं. त्याच्या जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई (खासगी अवयवांचं चित्र संमतीशिवाय काढणं किंवा पसरवणं, ३ वर्षांपर्यंत) आणि उघड लैंगिक कृती असेल तर ६७-अ, ज्यात पहिल्याच वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. ६७-अ अजामीनपात्र आहे, हे मुद्दाम सांगते.

आणि त्याने अजून काही पसरवलं नसलं तरी ती हात बांधून बसलेली नाही. धमकी हाच गुन्हा आहे. कलम ३५१ मध्ये स्त्रीच्या चारित्र्यावर डाग लावण्याची धमकी वेगळी काढून तिला ७ वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली आहे. पैसे मागितले असतील तर खंडणीचं ३०८ लागतं.

मैत्रिणीला दोन गोष्टी सांगा. पहिली, त्याच्याशी वाटाघाटी नकोत. "भेट, मग डिलीट करतो" यावर गेलेल्या बायकांना पुढे आणखी मागण्या आल्याचं मी पाहिलं आहे. दुसरी, तिने घरात एका तरी माणसाला आज सांगावं. धमकीचा जोर ती गोष्ट लपलेली असण्यातच असतो.

अनिकेत_प

तांत्रिक बाजूचं थोडं मी सांगतो, रोजचं काम याच क्षेत्रात आहे.

शमी, 'स्टॉप एनसीआयआय' नावाची एक विनामूल्य सेवा आहे, १८ वर्षांवरील कोणालाही वापरता येते. तिथे फोटो अपलोड होत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम त्यात आहेत. तोच फोटो तिथे कोणी टाकायला गेलं तर ठसा जुळतो आणि कंपनी तो अडवू शकते. फोटो पसरायच्या *आधी* करता येण्यासारखी ही गोष्ट आहे. मर्यादाही सांगतो: जी संकेतस्थळं सहभागी नाहीत तिथे याचा उपयोग नाही, आणि फोटो बऱ्यापैकी बदलला तर ठसा जुळेलच असं नाही. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर तिच्यासाठी 'टेक इट डाउन' ही वेगळी सेवा आहे.

पसरलाच असेल तर २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम कामाला येतात. नग्न, लैंगिक कृतीतला, किंवा चेहरा चिकटवून बनवलेला फोटो असेल तर तिच्या तक्रारीवर कंपनीने तो काढण्यासाठी त्या नियमांनी जास्तीत जास्त २४ तासांची मुदत घातली. तिच्या वतीने दुसऱ्या कोणीही तक्रार केली तरी चालते. मात्र नुसतं 'रिपोर्ट' बटण दाबून थांबू नका. प्रत्येक मोठ्या कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचा ईमेल त्यांच्या संकेतस्थळावर असतो. त्याला लेखी पाठवा, लिंका द्या, "हा माझा फोटो आहे, संमती नाही" हे लिहा. लेखी पाठवल्याने तारीख-वेळ तुमच्या हातात राहते.

आणि उशीर करू नका. काढून टाकलेला मजकूर आणि त्याच्या नोंदी तपासासाठी १८० दिवस जपून ठेवायचं बंधन याच नियमांत आहे. अकाउंट बंद केल्यावर वापरकर्त्याच्या नोंदणीची माहितीही तेवढेच दिवस. वर्षभराने तक्रार केली तर कंपनीकडे ती माहिती उरली असेलच याची हमी नाही.

शमी

दोघांचे मनापासून आभार. तिला फोन करून वाचून दाखवलं. ती आज बहिणीला सांगणार आहे.

निशिगंधा

कलमं सगळी आहेत हो, पण दारातच अडवतात त्याचं काय? माझ्या नावाने कोणीतरी बनावट अकाउंट काढून माझा फोन नंबर 'रेट'सकट टाकला होता. रात्रंदिवस फोन. जवळच्या पोलीस ठाण्यात गेले तर ठाणे अंमलदार म्हणाले, हे सायबरचं काम, इथे होत नाही. मग एनसी घेऊन पाठवलं. माझ्यासमोर दोघेतिघे तो स्क्रीनशॉट हातात घेऊन बघत होते, तो क्षण मी विसरू शकत नाही.

रानजाई

निशिगंधा, हे तुमच्या वाट्याला यायला नको होतं. आणि जे सांगितलं गेलं ते कायद्यालाही धरून नव्हतं.

माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, एवढीच अट कायद्यात आहे. असा अधिकारी साध्या ठाण्यातही असतो. सायबर ठाणं ही सोय आहे, सक्ती नाही. हद्दीचा प्रश्न काढला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा: गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. तक्रार ऑनलाइन पाठवली तरी चालते, ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. याच कलमात हेही आहे की ७५, ७७, ७८, ७९ अशा गुन्ह्यांत स्त्रीची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची. तुम्ही दारातच "महिला अधिकारी बोलवा" म्हणू शकत होता, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही.

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तिचा तपास होत नाही. तुमच्या प्रकरणात दुसऱ्याची ओळख वापरणं (६६-सी), अश्लील मजकूर (६७), लज्जेचा अपमान (७९) हे सगळे दखलपात्र. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी निकालात २०१३ सालीच सांगितलं. नव्या संहितेत ३ ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी प्राथमिक चौकशी करायची मुभा आली आहे, पण तिलाही उपअधीक्षकाची परवानगी आणि १४ दिवसांची मर्यादा आहे. "बघतो, या नंतर" ही चौकशी नव्हे. नोंद घेतलीच नाही तर तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवायची, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पोचपावती जपून ठेवा, पुढचा अर्ज तिच्यावर उभा राहतो.

अर्जाच्या भाषेबद्दल एक. "सदर इसम मला खूप मानसिक त्रास देत आहे" एवढंच लिहिलं की एनसी हातात मिळते. त्याऐवजी: अमुक तारखेला इतक्या वाजता, अमुक लिंकवर, माझं नाव व फोटो वापरून हे अकाउंट उघडलं, त्यावर माझा नंबर टाकून हा मजकूर लिहिला, मजकूर जसाच्या तसा पुढीलप्रमाणे. हो, ती घाण वाक्यं जशीच्या तशी लिहावी लागतात. "अश्लील बोलला" लिहून भागत नाही. फार जड जातं हे, म्हणूनच घरी बसून, सोबत कोणी असताना लिहून न्या.

सुलभा_आजी

रानजाई, हे वाचून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. आमच्या काळी निनावी पत्रं यायची, मुली शाळा सोडून घरी बसायच्या. पत्र पाठवणाऱ्याला कोणी विचारत नसे. नाती आता विचारताहेत, हे चांगलं आहे.

मोहन_का

विरोधी सूर लावतोय असं वाटेल, पण काळजीपोटी लिहितो. बोलण्यावर गुन्हे दाखल करायची इतकी कलमं असली की तीच बायकांवर उलटत नाहीत का? २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टवरून अटक झाली होती. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त लाइक केलं होतं.

रानजाई

मोहनकाका, प्रश्न रास्त आहे. त्या मुलींवर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवलं. 'त्रासदायक', 'गैरसोयीचं' असे शब्द त्यात होते, त्यांत कोणतंही मत बसवता येत होतं. त्या निकालानंतरही कित्येक ठाण्यांत ते कलम लावलं जात राहिलं. आजही तुमच्या एफआयआरमध्ये ६६-अ दिसलं तर लगेच हरकत घ्या, आरोपी असा की फिर्यादी. फिर्यादी असाल तर रद्द कलमावर उभी राहिलेली तक्रार पहिल्याच झटक्यात पडते.

मी वर दिलेली कलमं मतांवर बोट ठेवत नाहीत. एखाद्या बाईच्या लेखाला कोणी कितीही कडाडून विरोध केला, तिला अडाणी म्हटलं, तरी तो पाठलाग नाही. विरोधाला उत्तर द्यावं, धमकीवर तक्रार करावी. हा फरक बायकांनीही पाळायला हवा, नाहीतर खऱ्या तक्रारींचं वजन कमी होतं.

आभा

माझं वेगळं आहे. नवऱ्याने माझ्या फोनमध्ये काहीतरी टाकलंय. मी माहेरी काय बोलले ते त्याला शब्दशः माहीत असतं. लग्नाचा जोडीदार असल्यावर हे पाळत ठेवण्यात येतं का?

रानजाई

आभा, येतं. कलम ७८ मध्ये नवऱ्याला सूट नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात शिरून माहिती काढणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ खालीही येतं. शिवाय २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. त्याच्या कलम १८ खाली दंडाधिकारी संरक्षण आदेश देताना कोणत्याही मार्गाने संपर्क करायला मनाई करू शकतात, आणि 'इलेक्ट्रॉनिक' हा शब्द त्या कलमातच आहे. आदेश मोडला तर १ वर्षापर्यंत कैद. बऱ्याच बायकांना फौजदारी खटला नको असतो, फक्त हे थांबायला हवं असतं. त्यांच्यासाठी हा रस्ता जास्त जवळचा आहे.

एक विनंती. हा धागा त्याच फोनवर वाचत असाल तर पुढचं दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून वाचा. वकिलाशी, बहिणीशीही त्या फोनवरून बोलू नका.

अनिकेत_प

आणि ते ॲप स्वतः काढून टाकू नका. काढलं की त्याला कळेल आणि पुरावाही जाईल. फोन तसाच चालू ठेवा, महत्त्वाचं बोलणं दुसरीकडून करा. ईमेलचा पासवर्डही दुसऱ्या यंत्रावरूनच बदला. पण त्याआधी, पासवर्ड बदलल्याचं लक्षात आल्यावर तो काय करेल याचा विचार करून घ्या. तुमची सुरक्षितता पहिली.

वाटसरू

दोन छोटे प्रश्न. (१) आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका सदस्याने एका बाईंबद्दल घाणेरडं लिहिलं. मी ॲडमिन आहे, माझ्यावर येईल का? (२) त्या बाई म्हणताहेत, मी त्याचं नाव सगळीकडे टाकणार. टाकावं का?

रानजाई

(१) नुसते ॲडमिन आहात म्हणून नाही. गोंदिया जिल्ह्यातलं असंच प्रकरण होतं, सदस्याने ग्रुपवरच्या एका महिलेबद्दल अश्लील लिहिलं आणि ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये ॲडमिनविरुद्धची कारवाई रद्द केली. आधीपासून संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. पण कायदा बाजूला ठेवून सांगते, त्या माणसाला काढा, मजकुराचे फोटो त्या बाईंना द्या, आणि साक्ष द्यायची वेळ आली तर मागे हटू नका. ग्रुपवर शंभर माणसं असतात आणि साक्षीला एकही येत नाही, याची मला खरोखर चीड येते.

(२) आधी तक्रार, मग बाकी सगळं. बदनामी हा आजही फौजदारी गुन्हा आहे, कलम ३५६, २ वर्षांपर्यंत शिक्षा. बोलणाऱ्या बाईला गप्प करायला तो नेहमी वापरला जातो. पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर माजी केंद्रीय मंत्र्याने केलेला खटला आठवत असेल. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, आणि स्त्री आपली तक्रार तिला योग्य वाटेल त्या व्यासपीठावर, कित्येक वर्षांनीही मांडू शकते असं म्हटलं. पुढे त्यावर अपील झालं. निकाल मोलाचा आहे, पण त्यासाठी त्यांना दोन वर्षांहून जास्त कोर्टात उभं राहावं लागलं. हा खर्च पेलेल का, हे त्या बाईंनी ठरवायचं. आपण बाहेरून "टाक, टाक" म्हणू नये.

तो माणूस ऑफिसातला असता तर ऑफिसातल्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीकडेही जाता आलं असतं, रात्री घरी आलेले मेसेजसुद्धा तिथे चालतात. मुदत ३ महिन्यांची आहे, समितीला ती आणखी ३ महिने वाढवता येते.

निशिगंधा

रानजाई, तुमचं वाचून पुन्हा हिंमत केली. यावेळी तारखा, लिंका, मजकूर सगळं घालून अर्ज लिहिला आहे. फक्त ते प्रमाणपत्राचं काय असतं? कोणीतरी म्हणालं, त्याशिवाय स्क्रीनशॉट कचरा आहे. आणि वकिलाची फी सध्या झेपणार नाही.

रानजाई

प्रमाणपत्र म्हणजे ही प्रत कोणत्या यंत्रातून, कशी काढली हे लिहून देणारं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, पूर्वीचं ६५-ब. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत कोर्टात द्यायची तर ते लागतं. जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे पक्कं केलं. मूळ फोनच कोर्टापुढे आणला आणि त्याच्या मालकिणीने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही, असंही त्याच निकालात आहे. फोन जपा म्हणते तो यासाठी. नव्या कायद्यात त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. एफआयआर नोंदवायला मात्र ते लागत नाही. ठाण्यात कोणी मागितलं तर "ते खटल्याच्या वेळचं आहे" एवढंच सांगा.

फीचं म्हणाल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे साधा अर्ज द्यायचा. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. जाताना ओळखपत्र, अर्जाच्या दोन प्रती आणि मागच्या एनसीची प्रत न्या. एनसीचा क्रमांक नव्या अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहा, म्हणजे तुम्ही आधीही गेला होता हे नोंदीवर येईल.